मोठ्या नळीच्या ठासणीच्या रायफलीसाठी काळी दारू: दाणा कोणता घ्यावा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. ख्रिसमस उलटला की इथे चकमकीच्या बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा वेगळा हंगाम असतो, आणि त्या निमित्ताने मला ठासणीच्या रायफलींचा नाद लागला. आज माझ्याकडे दोन आहेत. एक .६२ कॅलिबरची (कॅलिबर म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचात), जर्मन शिकाऱ्यांच्या येगर घाटाची, आखूड नळीची चकमकीची रायफल. दुसरी १८५३ च्या नमुन्याची .५७७ एनफील्ड, टोपीची, म्हणजे चकमकीऐवजी स्फोटक टोपीने पेटणारी. अमेरिकेतले आणि इंग्लंडमधले मराठी मित्र रेंजवर जाऊ लागले की दारूच्या दाण्याबद्दल तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत.

डब्यावरच्या ‘एफ’ आणि ‘जी’ या अक्षरांचा अर्थ काय?

जितके ‘एफ’ जास्त, तितका दाणा बारीक. ‘जी’ म्हणजे दाण्यावर ग्रॅफाइटची झिलई दिलेली आहे. अमेरिकेत रुळलेल्या चाळणीच्या मापांनुसार एक एफचा दाणा साधारण १.२ ते १.७ मिलिमीटर असतो, टू एफचा ०.६ ते १.२, थ्री एफचा ०.३ ते ०.८४ आणि फोर एफचा ०.१५ ते ०.४२. स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगायचे तर एक एफ मोहरीसारखा, टू एफ जाड्या रव्यासारखा, थ्री एफ बारीक रव्यासारखा आणि फोर एफ बारीक वाळूसारखा.

टू एफ आणि थ्री एफची मापे एकमेकांवर चढतात. एका कारखान्याच्या टू एफमध्ये बारीक दाणे जास्त असले, तर ती दुसऱ्याच्या जाडसर थ्री एफच्या जवळ जाते. म्हणून नुसते अक्षर वाचून भागत नाही, डबा कोणाचा आहे हेही पाहावे लागते. स्विस नावाच्या कंपनीच्या दारूत टू एफ आणि एक एफ यांच्यामध्ये ‘दीड एफ’ नावाचा दाणा मिळतो. मोठ्या नळीवाल्यांसाठी तो फार कामाचा आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

‘ग्रेन’ म्हणजे दाणाच ना?

नाही. नव्या माणसाचा पहिला घोटाळा इथेच होतो. ग्रेन हे वजनाचे माप आहे. एका पौंडात ७,००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅमचा. ‘सत्तर ग्रेन टू एफ’ म्हणजे टू एफ दाण्याची सत्तर ग्रेन वजनाची दारू, सुमारे साडेचार ग्रॅम. इंग्रजीत एकच शब्द दोन्हीकडे वापरतात. आपल्याकडे ‘दाणा’ हा वेगळा शब्द आहे, तो सोडू नये. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत ‘ड्रॅम’ हे माप भेटते. एक ड्रॅम म्हणजे २७.३४ ग्रेन.

दाण्याच्या आकाराने एवढा काय फरक पडतो? दारू तर तीच असते.

दारू तीच असते: पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक. पण दाणा बाहेरून आत जळत जातो. चुलीत ओंडका घातला तर तासभर पुरतो. त्याच ओंडक्याच्या ढलप्या केल्या तर त्या भसकन पेटून संपतात. दाणा बारीक झाला की तेवढ्याच वजनात जळायला पृष्ठभाग जास्त मिळतो. वायू लवकर तयार होतो आणि गोळी हलायच्या आतच नळीच्या बुडाशी दाब चढतो. जाड दाणा सावकाश जळतो. गोळी पुढे सरकते, मागे जागा होते, आणि दाब त्या वाढत्या जागेत पसरत जातो.

दुसरी बाजूही आहे. दाणे खूपच बारीक आणि गच्च बसले, तर ज्वाळेला दाण्यांमधून पुढे धावायला वाट उरत नाही. पिठासारखी दारू म्हणूनच बेभरवशाची असते, आणि म्हणूनच पंधराव्या शतकापासून युरोपात दारूचा दाणा करू लागले.

मोठ्या नळीला जाड दाणा का म्हणतात?

या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. बहुतेक लोक नियम पाठ करतात: .४५ पर्यंत थ्री एफ, .५० पासून पुढे टू एफ, .७५ आणि त्यावर एक एफ. सुरुवातीला हा नियम बरा आहे, पण त्यामागची दोन कारणे कळली की तो कुठे मोडतो हेही कळते.

पहिले कारण गोळीच्या वजनाचे. नळीचे तोंड व्यासाच्या वर्गाने वाढते आणि गोल गोळीचे वजन घनाने. म्हणजे नळी मोठी होईल तसतसे तोंडाच्या प्रत्येक चौरस इंचामागे ढकलायचे वजन वाढत जाते. .५० च्या नळीत .४९० ची शिशाची गोळी साधारण १७७ ग्रेनची असते. .६२ च्या नळीत .६१० ची गोळी ३४० ग्रेनच्या आसपास जाते. .७५ च्या नळीतली .७३५ ची गोळी जवळजवळ ६०० ग्रेनची. चौरस इंचामागे पाहिले तर .५० च्या मानाने .६२ ची गोळी सव्वापट जड पडते आणि .७५ ची दीडपट. जड गोळी जागची हलायला वेळ घेते. त्या वेळात बारीक दारू जळून मोकळी होते, आणि सगळा भार नळीच्या बुडावर येतो.

दुसरे कारण नळीच्या भिंतीचे. आतला दाब तेवढाच असला आणि भिंतीची जाडीही तेवढीच असली, तरी व्यास वाढला की भिंतीवरचा ताण त्याच प्रमाणात वाढतो. ज्या दाबाला .४५ ची नळी सहज तोंड देते, त्याच दाबाला तेवढ्याच भिंतीची .६२ ची नळी जास्त ताणली जाते. माझ्या अनुभवात या दुसऱ्या कारणाबद्दल कोणी बोलतच नाही, आणि मला ते पहिल्याहून महत्त्वाचे वाटते.

तोफांच्या बाबतीत हे फार आधी कळले होते. अमेरिकन सैन्यातले थॉमस रॉडमन यांनी १८६० च्या आसपास प्रचंड व्यासाच्या तोफांसाठी सुपारीएवढ्या दाण्यांची ‘मॅमथ’ दारू वापरात आणली. हेतू हाच, की दाब एकदम न चढता टिकून राहावा. आपली रायफल त्याच तत्त्वाची धाकटी आवृत्ती आहे.

मग कॅलिबर पाहून दाणा ठरवला की झाले?

नाही झाले. माझा आग्रह असतो की आधी गोळी पाहा, मग कॅलिबर.

एकाच काळातल्या दोन इंग्रजी रायफली घ्या. एनफील्डची नळी .५७७ आणि तिची मिनिए घाटाची पोकळ बुडाची गोळी ५३० ग्रेनची. व्हिटवर्थची षटकोनी नळी .४५१ आणि तिची लांबट गोळीसुद्धा ५३० ग्रेनचीच. वजन एकच, पण व्हिटवर्थमध्ये ते अरुंद तोंडातून ढकलायचे. .५० ची गोल गोळी एक मानली, तर चौरस इंचामागे एनफील्डची गोळी सव्वादोन पट भरते आणि व्हिटवर्थची साडेतीन पटींहून जास्त. पाठ केलेला नियम .४५ ला बारीक दारू घ्यायला सांगतो. पण व्हिटवर्थसारख्या लांब पल्ल्याच्या रायफलीत आजचे नेमबाज टू एफ किंवा स्विसची दीड एफच घेतात. तेच .६२ ची गोल गोळी आणि बेताची दारू असली, तर टू एफ अगदी आरामात चालते.

म्हणून मी असे सांगतो. मोठ्या नळीत चिंधीत गुंडाळलेली गोल गोळी असेल तर टू एफपासून सुरुवात करा. जड लांबट गोळी असेल तर टू एफ किंवा दीड एफ, आणि त्याहून बारीककडे वळूच नका. .७५ च्या वर, आठ बोअर किंवा चार बोअरच्या नळ्यांना दीड एफ किंवा एक एफ.

‘चार बोअर’ हे काय माप आहे?

एका पौंड शिशात नळीच्या मापाच्या किती गोल गोळ्या होतात, तो आकडा. बारा बोअर म्हणजे .७२९ इंच, आठ बोअर .८३५ आणि चार बोअर एका इंचाहून थोडी जास्त. आकडा लहान, नळी मोठी. इंग्रज शिकारी सॅम्युअल बेकर यांनी सिलोनच्या शिकारीसाठी ब्रिस्टलचे बंदूक बनवणारे गिब्ज यांच्याकडून जी चार बोअरची रायफल करवून घेतली होती, तिचे वजन एकवीस पौंड, म्हणजे साडेनऊ किलो, आणि एका बाराला दारू सोळा ड्रॅम. सोळा ड्रॅम म्हणजे पूर्ण एक औंस, २८ ग्रॅम. एवढी दारू थ्री एफची असती तर काय झाले असते, याचा विचार करताना ते साडेनऊ किलो लोखंड कशासाठी होते हे कळते.

मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होती त्या प्रांतात, काम केलेले कॅप्टन जेम्स फोरसाइथ यांनीही पुढे मोठ्या नळीचा जोरदार पुरस्कार केला. आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या पिळाच्या खाचा) उथळ, पीळ अगदी मंद, गोल गोळी आणि भरपूर दारू, हे त्यांचे सूत्र. गोल गोळीला फिरकी थोडीच पुरते. पीळ घट्ट असता तर एवढ्या दारूवर गोळी आटे सोडून सरळ घसरत गेली असती. दाणा, दारूचे वजन आणि पीळ यांचा मेळ त्यांनी आपल्या विदर्भाच्या शेजारच्या जंगलांत, वाघ आणि गव्यांसमोर तपासला होता. तो भाग वाचताना मला नेहमी घराजवळ आल्यासारखे वाटते.

मोठ्या नळीत थ्री एफ वापरणारे लोक मी पाहिले आहेत. ते चुकतात का?

सगळे नाही. अमेरिकन यादवी युद्धातल्या .५८ च्या रायफलींनी कागदी निशाणावर मारणारे बरेच जण ४० ते ५० ग्रेन थ्री एफ वापरतात. सैनिकी बार याहून कितीतरी मोठा होता. एनफील्डला अडीच ड्रॅम, म्हणजे ६८ ग्रेन. दारू कमी असली की थ्री एफचा दाबही बेतात राहतो, ती पूर्ण जळते आणि नळीत कीट, म्हणजे जळलेल्या दारूचा थर, कमी राहते. स्पर्धेत गोळी ठासायचा गज सहज उतरणे फार मोलाचे असते.

धोका तेव्हा, जेव्हा कोणी टू एफचे ठरलेले माप थ्री एफने तसेच भरतो. टू एफवरून थ्री एफवर येताना निदान दहा ते पंधरा टक्के दारू कमी करून पुन्हा पायरीपायरीने वर यावे, असा जुना दंडक आहे. तो मी पाळतो. रायफल बनवणाऱ्याने थ्री एफची मर्यादा दिली नसेल, तर मी ती त्या रायफलीत घालत नाही.

मी स्वतः एकदा .६२ मध्ये टू एफ संपली म्हणून थ्री एफ भरली होती, आणि माप कमी करायचे राहून गेले. बार नेहमीपेक्षा कडक वाजला. पुढे पडलेली चिंधी उचलली तर तिच्या मधोमध भोक, कडा जळलेल्या. तीन गोळ्या, तीन वेगळ्या जागा. नळीला काही झाले नाही, पण त्या दिवसापासून माझ्या पेटीत एका वेळी एकाच दाण्याचा डबा असतो.

मिनिए गोळीचे वेगळे काय?

तिचे बूड पोकळ असते. दारूच्या दाबाने त्या बुडाची पातळ कड फुगून आट्यांत बसते. दाब कमी पडला तर कड बसत नाही आणि गोळी भरकटते. दाब अती चटकन चढला तर कड फाटते किंवा तोंडापाशी बाहेर वळते, आणि गोळी पुन्हा भरकटते. म्हणजे दाण्याची निवड इथे अचूकतेचाही प्रश्न आहे. कागदावर आडवी छिद्रे दिसू लागली तर प्रथम दारू कमी करा, मग दाणा बदलून पाहा. शिसे मऊ आणि शुद्ध असावे लागते हेही विसरू नका. कडक मिश्रधातूच्या गोळीची कड कुठल्याच दाण्याने नीट फुगत नाही.

एनफील्डच्या काडतुसांवरच्या चरबीवरून १८५७ मध्ये आपल्याकडे काय घडले ते सर्वांना माहीत आहे. ते वंगण चैनीसाठी नव्हते. काळ्या दारूच्या कीटाला मऊ ठेवल्याशिवाय पुढची गोळी उतरत नाही, म्हणून ते लागत होते. आज मी मधमाश्यांचे मेण आणि वनस्पती तेल वापरतो. पेट्रोलियमचे ग्रीस मात्र टाळावे. त्याने कीट डांबरासारखे चिकट होते.

नळीची लांबी आणि बार पेटवण्याची पद्धत यांचाही दाण्याशी संबंध आहे का?

आहे. एनफील्डची नळी ३९ इंच लांब, तिच्यात टू एफला जळायला भरपूर वाट मिळते. आखूड नळीत एक एफ घातली तर काही दाणे जळतच तोंडाबाहेर पडतात. मोठी ज्वाळा आणि भरपूर धूर दिसतो, वेग मात्र मिळत नाही. आखूड नळीच्या येगरला म्हणून मी एक एफ देत नाही.

चकमकीच्या बंदुकीत रंजक, म्हणजे बार पेटवणारी बाहेरच्या वाटीतली चिमूटभर दारू, वेगळे असते. वाटीतल्या रंजकाला फोर एफ उत्तम, कारण ते ठिणगीला लगेच धरते. पण फोर एफ नळीत मुख्य बार म्हणून कधीही घालू नये, कुठल्याही कॅलिबरला नाही. कानाजवळ, म्हणजे वाटीतून नळीत आग जाणाऱ्या भोकाजवळ, जाड दाणे असले तर कधी रंजक भसकते आणि बार थांबून होतो. अशा वेळी दाणा बदलण्याआधी कान साफ आहे का ते तारेने पाहावे. दहांतल्या नऊ वेळा दोष तिथेच निघतो.

एका कंपनीची टू एफ संपली, दुसरीची घेतली. माप तेच ठेवू का?

नको. स्वित्झर्लंडमधल्या ओबोनची स्विस, जर्मनीची शुट्सेन आणि अमेरिकेची गोएक्स यांच्या डब्यांवर अक्षरे सारखी असली तरी जोर सारखा नाही. स्विस दारू घट्ट आणि जोरकस आहे. तेवढ्याच मापात ती जास्त वेग आणि जास्त दाब देते. नव्या डब्याला खालून सुरुवात करायची.

गोएक्सबद्दल बरेच जण विचारतात. २०२१ च्या अखेरीस तो कारखाना बंद झाला आणि २०२२ मध्ये एस्टीस कंपनीने तो घेतला. म्हणून जुना डबा आणि नवा डबा यांतही मी आधी पाच बार तुलना करूनच मारतो.

या देशातल्या दारूचा इतिहास जिथे उभा आहे ती जागा मात्र अवश्य पाहा. डेलावेअरमध्ये ब्रँडीवाइन नदीकाठी १८०२ मध्ये सुरू झालेल्या ड्युपाँटच्या गिरण्या आता हॅग्ली संग्रहालयात जपल्या आहेत. तीन बाजूंनी जाडजूड दगडी भिंती, चौथी बाजू नदीकडे हलकी ठेवलेली. स्फोट झालाच तर तो पाण्याच्या दिशेने जावा म्हणून. त्या भिंतींपाशी उभे राहिले की हातातल्या डब्याबद्दलचा आदर आपोआप वाढतो.

पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन यांचे काय?

ते काळ्या दारूचे पर्याय आहेत, काळी दारू नव्हेत. ते आकारमानाने मोजतात, वजनाने नाही. पायरोडेक्सची ‘आरएस’ जात टू एफच्या जागी आणि ‘पी’ जात थ्री एफच्या जागी धरतात. ट्रिपल सेव्हन जास्त जोरकस, तिचे माप सुमारे पंधरा टक्के कमी ठेवतात. पेटायला हे पर्याय जास्त उष्णता मागतात, म्हणून चकमकीच्या बंदुकीत त्यांचा भरवसा नाही.

बिनधुराची दारू, जी आजच्या काडतुसांत असते, ती ठासणीच्या बंदुकीत चिमूटभरही नको. तिचा दाब नळी फोडतो, हात घेऊन जातो.

माझ्या रायफलीला कोणता दाणा मानवतो हे कसे ओळखायचे?

रायफल बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेच्या आत, खालच्या मापापासून सुरुवात करा आणि पाच-पाच ग्रेनने वर या. प्रत्येक मापाला पाच बार. दोन बारांच्या मध्ये नळी सारख्याच पद्धतीने पुसा, नाहीतर तुलना फसते. वेगमापक असेल तर सर्वांत जास्त वेगाकडे पाहू नका. पाचही वेग एकमेकांच्या किती जवळ आहेत ते पाहा. मग तीच चाचणी दुसऱ्या दाण्यावर.

यंत्र नसले तरी रायफल बोलते. चिंधी उचलून पाहा: काळपट पण अखंड असेल तर ठीक, फाटकी किंवा जळकी असेल तर दाब जास्त किंवा चिंधी पातळ. गज उतरवताना बुडाजवळ खरखर लागत असेल तर कीट साचते आहे. एक दाणा बारीक घेऊन पाहण्याचे ते एक योग्य कारण. कोरड्या हवेत कीट कडक होते, दमट हवेत मऊ राहते, तेव्हा ऑगस्टमधला निकाल जानेवारीत तसाच मिळेल असे समजू नका.

गोळी प्रत्येक वेळी दारूवर घट्ट टेकवायची. मध्ये पोकळी राहिली तर नळी तिथे फुगू शकते. गजावर एक खूण करून ठेवा, ती रोज कामाला येते. आणि डब्यातून किंवा शिंगातून थेट नळीत दारू ओतू नका. आधीच्या बाराची ठिणगी आत असेल तर हातातला सगळा साठा पेटतो. दारू आधी मापात घ्या, माप डब्यापासून बाजूला घ्या, मग नळीत ओता.

दोन दाणे मिसळले तर?

नको. बारीक दाणे हलताना खाली बसतात, आणि प्रत्येक माप वेगळे भरते.

कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीला हे सगळे लागू आहे का?

फार थोडे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असलेल्या ठासणीच्या बंदुका बहुतेक बिनआट्याच्या असतात. नळीचे लोखंड कसले, भिंत किती झिजली, हे वरून कळत नाही. तिथे जाड-बारीकच्या आधी परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडून नळी तपासून घ्यावी. दारू घरी तयार करण्याच्या नादी कोणी लागू नये. त्यात माणसे गेली आहेत. भारतात बंदूक १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येते आणि दारू १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली. स्फोटकांचे नियमन करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, ‘पेसो’चे, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

इंग्लंडमध्ये काळी दारू घेण्या-ठेवण्यासाठी पोलिसांकडून स्फोटकांचा दाखला लागतो. अमेरिकेत जुन्या पद्धतीच्या बंदुकांसाठी, छंद म्हणून, पन्नास पौंडांपर्यंत काळी दारू संघीय परवान्याविना घेता येते. राज्याचे आणि गावाचे नियम मात्र वेगळे असतात, ते आधी विचारावेत.

जुना डबा सापडला. वापरू का?

कोरड्या जागी झाकण घट्ट राहिले असेल तर काळी दारू कित्येक दशके टिकते. डबा हलक्या हाताने कलता करून पाहा. दाणे सुटे सरकत असतील आणि झिलई दिसत असेल तर ती बहुधा ठीक आहे. तरी बार खालच्या मापापासूनच. गुठळ्या झाल्या असतील तर ओल लागली आहे. त्या फोडून वापरू नका, कारण मग दाण्याचे माप उरत नाही आणि वर लिहिलेले काहीच तिला लागू पडत नाही. अशी दारू भरपूर पाण्यात भिजवली की सोरा विरघळून जातो. पुढची विल्हेवाट स्थानिक अग्निशमन दलाला विचारून लावावी. आणि डब्यावरचे नाव पुसले गेले असेल, आत काय आहे हे कोणी सांगू शकत नसेल, तर ती काळी दारूच आहे असे धरून चालू नका, मग ती कितीही कोरडी दिसो.